हात न लावता घ्यायची भाजी

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. त्या वर्षी धाकटीचं लग्न झालं आणि हातावरची मेंदी पुरती उतरायच्या आत ती विमानात बसली.

तिचा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ परदेशात एकाच यंत्रांच्या कारखान्यात होते. थोरला वरच्या मजल्यावर, नकाशे काढायच्या खात्यात, टेबलखुर्चीचा धनी. धाकटा खाली लेथवर, कायम बोटांच्या पेरांत वंगण. राहायला दोघांत एकच जागा, जिने चढून दम लागेल इतकी उंचावर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरात आधीच एक बाई होती, तिची जाऊ. थोरली.

थोरली वाईट नव्हती, उगाच तसं कुणी समजू नये. तिला तिकडे जाऊन सहा वर्षं झाली होती, तिथली भाषा येत होती, आणि मोटारीत पुढच्या सीटवर बसून ती नवऱ्याला "आता डावीकडे" असं सांगत असे. धाकटीच्या लेखी याहून मोठी सत्ता नव्हती. अंघोळीचं पाणी कधी तापवायचं, पांघरूण कोणतं घ्यायचं, बाहेर जाताना कोट कुठला घालायचा, सगळं थोरली ठरवायची. प्रेमानेच ठरवायची, आणि तेच अवघड होतं. रागावणाऱ्याशी भांडता येतं. "अगं, तुला नाही कळायचं इथलं" म्हणून गालावरून हात फिरवणाऱ्या बाईशी काय भांडणार?

आणि जेवण? दर पंधरवड्याला मोटारीतून एका मोठ्या दुकानात जायचं आणि गोठवलेल्या भाज्यांची पाकिटं आणून बर्फाच्या कप्प्यात कोंबायची. दगडासारखे मटार. गाजराचे एकसारखे चौकोन. पालकाची तर चक्क वीट.

"ताई, ह्या पालकाला देठ कुठे असतो?" धाकटीने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"देठ कशाला हवाय तुला? चघळायला?"

धाकटीने ती वीट पातेल्यात टाकली. पण तिच्या आत काहीतरी चुरचुरलं. कारण तिला दुसरं काही येवो न येवो, बाजार येत होता. आईला दमा, वडील पोस्टात, त्यामुळे परकरात असल्यापासून घरची भाजी तिने आणलेली. तिला बघायला आलेल्या सासूने शिक्षण विचारलं नव्हतं, गाणं विचारलं नव्हतं. विचारलं होतं, "वांगं कसं पारखतेस गं?" आणि धाकटीने मान वर करून सांगितलं होतं, "उचलून. हाताला हलकं लागलं तर आत बिया कमी." सासूने तिथेच पेढा मागवला. पुढे नातेवाइकांत सांगत सुटली, "पोरीला बाजार कळतो." हीच तिची पदवी, हेच तिचं सर्टिफिकेट. ते घेऊन ती साता समुद्रापार आली आणि पाहते तो काय, निवडायला एक पाकीट आणि दुसरं अगदी तसंच पाकीट.

बाजार तिला सापडला तो तिचा तिनेच. एका शनिवारी सकाळी गॅलरीतून तिने पाहिलं, खालून जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात रिकामी पिशवी आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या पिशवीतून हिरवी पात बाहेर आलेली. तिने चपला घातल्या आणि त्या बायकांच्या मागे चालू लागली. बसथांब्यामागच्या फरसबंद चौकात पालंच पालं उभी होती. पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची, वाऱ्याने फडफडणारी. ओल्या मातीचा वास, कांद्याचा वास, कुठे मासळी, कुठे चीज, कुठे मध. एक म्हातारा नुसती अंडीच घेऊन बसलेला. माती लागलेले बटाटे! मुळं असलेला पालक! धाकटी तिथेच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुळांसकट पालक बघून रडणारी त्या चौकातली ती पहिलीच बाई असावी.

पुढच्या शनिवारी ती नवऱ्याला ओढून घेऊन गेली. तो खिशात हात घालून पालापासून चार पावलं लांब उभा राहिला, जणू ही कोण बाई आपल्याला ठाऊक नाही.

कोपऱ्यातल्या पालात वांगी होती. काळीभोर, तुकतुकीत. धाकटीने हात पुढे केला आणि पहिलं वांगं उचलणार, तोच मनगटावर एक फटका बसला. फार जोरात नाही, पण चांगला आवाज होईलसा. फळीच्या मागे एक धिप्पाड बाई उभी होती, बाह्या कोपरापर्यंत, कमरेला कातडी पिशवी. तिने बोट हलवलं. मग तिनेच चार वांगी उचलली, कागदात गुंडाळली आणि धाकटीच्या हातात ठेवली.

"अहो, ही मला दाखवेना! तीच कशी निवडते?"

"इथे तसंच असतं म्हणे," नवरा लांबूनच म्हणाला. "माल हाताळायचा नाही. ती देईल ते घ्यायचं."

"म्हणजे पदरी पडलं आणि पवित्र झालं? ते नवऱ्याच्या बाबतीत ठीक आहे हो. वांग्याच्या बाबतीत कसं चालेल?"

नवरा हसला. पण घरी थोरलीने कागद उलगडला, तेव्हा चारातलं एक खालून मऊ निघालं.

"बाजार कळतो म्हणे!" थोरली एवढंच म्हणाली आणि पाकीट फोडायला वळली.

त्या दिवसापासून धाकटीने त्या भाजीवालीचं नाव फौजदारीण ठेवलं. आणि दर शनिवारी त्यांची चकमक झडू लागली. धाकटी बोटाने दाखवायची, "हे नको, ते." फौजदारीण मान डोलवायची आणि हे आणि ते दोन्ही पिशवीत टाकायची. धाकटीने गोड हसून पाहिलं. घरी केलेला गोडाचा डबा नेऊन पाहिला. फौजदारणीने डबा घेतला, खाल्लं, बोटं चाटली, आणि टोमॅटो पुन्हा आपल्याच हाताने उचलले. त्यात एक फुटका. दुसऱ्या पालांत जाऊन पाहावं, तर तिथेही तीच तऱ्हा, आणि माल फौजदारणीइतका ताजा नाही. दर शनिवारी धाकटी आनंदाने उड्या मारत जायची आणि दात-ओठ खात परत यायची. तरी जायची. आठवडाभरात तेवढीच एक सकाळ अशी होती, की जिथे ती कुणाची जाऊ नव्हती, कुणाची बायको नव्हती.

मग तो प्रसंग आला. मोठे दीर, म्हणजे दादा, यांच्या खात्याचे साहेब आणि त्यांची बायको शनिवारी संध्याकाळी जेवायला येणार होते. दादांच्या बढतीचं काहीतरी घाटत होतं. थोरली चार दिवस भांडी घासत होती.

"ताई, भाजी मी आणू? बाजारातून, ताजी?" धाकटीने विचारलं.

थोरलीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आण. पण नीट ऐक. ह्या खेपेला एक जरी सडकं निघालं ना, तर तुझा बाजार बंद. पुढच्या शनिवारपासून माझ्याबरोबर गाडीत बसायचं आणि पाकिटं आणायची. मला तरी दर आठवड्याला कचरा बघून शिसारी आली आहे. कबूल?"

"कबूल."

"मागून तोंड पाडायचं नाही."

"नाही पाडणार," धाकटी म्हणाली.

शनिवारी नवऱ्याला जादा पाळी होती. ती एकटीच निघाली, पालं बांधून होतात न होतात तोच पोचली. फौजदारीण पाठमोरी होती, बटाट्यांची पोती सोडत होती. फळीवर फरसबीचा ढीग. हिरवागार, दव असलेला. आजूबाजूला कुणी नाही.

आता हे मुद्दाम केलेलं नव्हतं. पण फरसबी समोर आली आणि ती मोडून पाहायची नाही, हे धाकटीच्या हाताला माहीतच नव्हतं. शेंगेचं टोक धरायचं, बोटाने दाबायचं. कट्कन मोडलं तर कोवळी, वाकलं आणि दोरा निघाला तर जून. कोवळी इकडे, जून तिकडे. कट्. कट्. वर्षानुवर्षं चाललेले हात आपोआप चालू लागले. ती मनात संध्याकाळचा स्वयंपाक जुळवत होती. फौजदारीण वळली तेव्हा फळीवर एक छोटी कोवळी रास होती, आणि उरलेल्या ढिगातल्या निम्म्या शेंगांना टोकंच नव्हती.

फौजदारीण अशी ओरडली, की शेजारच्या मधवाल्याने डोकं बाहेर काढलं. एव्हाना रांग लागली होती. रांगेतली माणसं टोकं नसलेल्या शेंगांकडे आणि मग धाकटीकडे पाहू लागली.

"अहो बाई, मोडल्याशिवाय कळणार कसं?" धाकटी मराठीतच कडाडली, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत कडाडता येत नव्हतं. "आंधळ्यासारखं घ्यायचं का? आमच्याकडे भाजीवाल्या शिव्या देतात, पण मोडू देतात!"

फौजदारीणही तिच्या भाषेत काही कमी बोलली नसावी. शेवटी तिने फळीची कड उचलली, धाकटीचा दंड धरला आणि तिला आत ओढलं. एका उलट्या खोक्यावर बसवलं. हातात छोटी सुरी दिली, पुढ्यात शेंगांचं खोकं ठेवलं आणि खूण केली, की आता सगळ्यांची टोकं काढ. दोन्ही बाजूंची.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्याला इलाजही नव्हता. धाकटी बसली आणि शेंगा साफ करू लागली. साफ केलेली फरसबी बघून रांगेतल्या बायका खूश झाल्या. फौजदारीण एकटी तोलायला पुरेना. तिने धाकटीला बोटाने उठवलं आणि पिशव्या भरायला लावलं.

आणि तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं, की फळीच्या ह्या बाजूला तिला कुणीच अडवत नाही. ती वांगी उचलत होती, टोमॅटो दाबत होती, काकडी कानाशी नेऊन हलवत होती. एक चष्मेवाली, निळा रुमाल बांधलेली बाई आली, गोड हसली. धाकटीने तिच्यासाठी एकेक शेंग पाहून घेतली. कोवळी, सरळ, एकजात. असं वाण आपल्या सासूलासुद्धा दिलं नसेल. दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवीही तशीच भरली. तिसऱ्या वेळी मात्र फौजदारणीने पिशवी हिसकावली, ओतली आणि पुन्हा भरली: चार चांगल्या, एक जून, चार चांगल्या, एक वाकडी. मग रांगेच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे एक म्हातारा काठी टेकून उभा होता. मग तिने जून शेंगांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मग पुन्हा म्हाताऱ्याकडे.

धाकटीला समजलं. सगळं चांगलं पुढच्यांना दिलं, तर मागच्याच्या वाट्याला काय? समजलं, पण पटलं नाही. "मग त्याने लवकर यावं," ती पुटपुटली. "आणि सगळ्यांना थोडं थोडं वाईट देण्यात कसला आलाय न्याय?" तरी पुढच्या पिशवीत तिने एक जून शेंग टाकलीच. नाक मुरडून टाकली.

उन्हं डोक्यावर आली, कुठेतरी घंटा झाली आणि बघता बघता चौक आवरायला लागला. पालं खाली आली, खांब खणखणले. फौजदारीण वळली आणि आज पहिल्यांदाच दोन्ही हात पसरून फळीकडे खूण केली. घे. तुला हवं ते घे. स्वतःच्या हाताने घे.

धाकटीने फळीकडे पाहिलं. फळीवर उरलं होतं ते सगळ्यांचं निवडून झाल्यावर, देऊन झाल्यावर उरलेलं. मागून बाजार झाडणारा माणूस पाण्याचा पाइप घेऊन आला होता. निवडायला सवडही नव्हती. तिने जे हाताला लागलं ते पिशवीत भरलं आणि धावत सुटली.

थोरलीने पिशवी ओट्यावर ओतली.

"ही बघ, जून. ही मऊ. आणि हिला, अगं बाई, हिला तर बुरशी आहे! आणि आलीस केव्हा? संध्याकाळचा सगळा स्वयंपाक पडलाय. होतीस कुठे इतका वेळ?"

"रांग होती," धाकटी म्हणाली. खोटं नव्हतं. फक्त कुठल्या बाजूला, ते सांगितलं नाही.

थोरलीने बर्फाच्या कप्प्यातून फरसबीचं पाकीट काढलं आणि तीच भाजी फोडणीला टाकली.

दिवेलागणीला पाहुणे आले. साहेब उंच, कमी बोलणारे. मागून त्यांची बायको आत आली. चष्मा, निळा रुमाल. तिने धाकटीकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर करून आनंदाने ओरडली. मग जेवणाच्या टेबलाशी तिने नवऱ्याला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं: शेंग कशी कट्कन मोडायची, पिशवी कशी भरायची, काटा कसा खालीवर होतो. साहेब पहिल्यांदाच हसले. दादांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. थोरली हातात डाव घेऊन तशीच उभी.

"काय म्हणतात, ताई?" धाकटीने हळूच विचारलं.

"जेवण आवडलं म्हणतात."

साहेबांच्या बायकोने फरसबीची भाजी तोंडात घातली, डोळे मिटले, धाकटीकडे बोट दाखवून भरभरून काहीतरी बोलली. एवढं धाकटीला भाषा न येताही कळलं: ताज्या भाजीची चव लपत नाही हो! पाकिटातली भाजी, आणि कौतुक बाजाराचं. धाकटीला वाटलं, टेबलावर डोकं आपटावं. तिने मान खाली घालून भात कालवला.

रविवारी सकाळी चहाबरोबर स्फोट झाला.

"आपण इथे भाजी विकायला आलोय का?" दादांनी कप आपटला. "सोमवारी सगळ्या खात्याला कळेल. धाकटी सून चौकात बसून फरसबी विकते!"

"विकली नाही, दादा. भरून दिली."

"लोकांना फरक कळतो? छोट्या, तू बोल काहीतरी."

धाकट्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं, जे त्याला धड वाचताही येत नव्हतं. "मी काय बोलू?"

"हेच. जन्मापासून हेच बोलतोस!"

थोरली शांत होती. ती उठली, धाकटीसमोर बसली. "मीपण गेले होते गं त्या चौकात. पहिल्याच वर्षी. भर रांगेत माझा हात झटकला त्या बाईने. तोच शेवटचा दिवस. पाकिटं खाल्ली, चव नसलेली खाल्ली, पण पुन्हा कुणाला हात झटकू दिला नाही. मान म्हणून काही असतो की नाही?"

"माझा तर दर शनिवारी झटकते," धाकटी म्हणाली.

"आणि तू दर शनिवारी जातेस! हेच, हेच मला कळत नाही." "ते असो. ठरलं होतं ना? सडकं निघालं, बाजार बंद."

आठवडाभर घरात भांडी तेवढी वाजत होती. शनिवारी सकाळी खाली मोटार सुरू झाली. दादांनी भोंगा वाजवला. थोरली कोट घालून जिन्याच्या तोंडाशी उभी. धाकटी आली ती हातात कापडी पिशवी घेऊन.

"ती कशाला? दुकानात मिळतात पिशव्या."

"मी चालत जाते, ताई. बाजारात."

"ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. मी हरलेय, हेही कबूल." धाकटीने पिशवी घट्ट धरलेली. "हरले तरी जाणार."

थोरलीने धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो दोन पायऱ्या खाली उभा होता, मोटारीच्या आणि बायकोच्या बरोबर मध्ये. खालून पुन्हा भोंगा वाजला. त्याने मान खाजवली. "वहिनी, मीपण... म्हणजे, पिशवी जड होते हो तिची येताना." आणि तो बायकोच्या मागे चालू लागला. घरातल्या कुणाच्याही आठवणीत त्याचं ते पहिलं बंड.

चौकात रांग होती. धाकटी पुढे पोचली आणि टोमॅटोकडे हात गेला, तसा फटका बसला. मागच्या शनिवारी खांद्याला खांदा लावून काम केलेल्या बाईचा! फौजदारणीने आपल्याच हाताने टोमॅटो उचलले. धाकटीने कागद उघडून पाहिलं, एक मऊ होताच. "बघा हो, बघा हिचा मेलीचा हट्ट!" ती नवऱ्यावर चिडली. नवऱ्याने ह्या वेळी पिशवी धरली होती आणि तो चार पावलं लांब नव्हता, अगदी शेजारी होता.

घरी परतले तेव्हा थोरलीने ओट्यावरची निम्मी फळी रिकामी करून, पुसून ठेवली होती. तिथे एक नवी बरणी होती. मिठाची. मीठ वेगळं केलं म्हणजे घर वेगळं झालं. बोलायचं काही शिल्लक नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. त्या घरात गॅसची होती, पण दोन झाल्या. थंडी सुरू व्हायच्या आत धाकटी आणि तिचा नवरा चौकाजवळच्या एका खोलीत गेले. खोली अंधारी, नळ गळका. तिथे भाजी मात्र ताजी होती, आणि तीही पूर्ण मनाजोगी एकदाही नाही.

दादांना बढती मिळाली, त्याच साली. साहेबांच्या बायकोने बरंच बोलून ठेवलं होतं म्हणतात. दादांनी ते कधी मान्य केलं नाही. निवृत्त होऊन ते मायदेशी परतले, बंगला बांधला आणि त्यात जेमतेम दोन वर्षं राहून गेले. साहेब आणि त्यांची बायको दुसऱ्या शहरात गेली. काही वर्षं त्यांची कार्डं येत, मग थांबली. फौजदारणीचं पाल एका हिवाळ्यात आलंच नाही. नंतर तिच्या भाच्याने ती जागा घेतली; तो प्लास्टिकच्या ताटल्यांत सील केलेली भाजी विकतो आणि गिऱ्हाइकाकडे वर मान करून बघतही नाही. धाकटीच्या नवऱ्याला लेथच्या आवाजाने एका कानाने ऐकू येईनासं झालं, पण मधवाल्याशी त्याची दोस्ती जमली ती जमलीच. मधवाला गेला तेव्हा खांदा द्यायला हा होता.

दोघी जावा चार वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. सासू गेली तेव्हा गावी एकत्र आल्या, एकाच ओट्यापाशी उभं राहून आलेल्या-गेलेल्यांना जेवू घातलं, आणि कुणी कुणाची माफी मागितली नाही. थोरली आता लेकीकडे असते. डोळे अधू झालेत. दर रविवारी धाकटीला फोन करते, आधी गुडघ्यांची चौकशी, मग नातवंडांच्या तक्रारी. परवा मध्येच म्हणाली, "तू तेव्हा जायला निघालीस ना, मला वाटलं होतं, जिन्यावरूनच परत येशील." धाकटीने विचारलं, "मग? आले असते तर?" मग थोरली म्हणाली, "तर मी तुला गाडीत पुढे बसवणार होते," आणि लेकीने जेवायला हाक मारली म्हणून फोन ठेवला.